आतली सूज

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासायचं सोडून राजेश्वरीचा डावा हात हातात घेतला, तेव्हा तिला वाटलं, ही पोरगी चुकतीय. दुखलं होतं छातीत. हृदयाची बंद पडलेली नळी फुगा घालून मोकळी केली होती, आणि त्यासाठी तार घातली होती ती उजव्या मनगटातून. त्या मनगटावरच्या पट्टीकडे बघितलं असतं तरी समजण्यासारखं होतं. पण बाई धरून बसल्या होत्या डावा हात, ज्याचा या सगळ्या भानगडीशी काडीचा संबंध नव्हता. बोटं जिथं तळहाताला मिळतात तिथल्या उंचवट्यांवरून त्या अंगठा फिरवत होत्या, बाजारात पेरू दाबून बघावा तशा एकेक गाठ चाचपत होत्या. "ही सूज कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं. राजेश्वरीला हसूच आलं. मरता मरता वाचून तळेगावच्या या दवाखान्यात येऊन पडलेल्या बाईला कुणी बोटांचं विचारतं का? "ती व्हय? ती कामाची हाय," ती म्हणाली. "चिक्कीच्या कामाची. आमच्यात समद्या बायांची बोटं असलीच." हे खोटं होतं. लोणावळ्याच्या त्या कारखान्यात इतक्या बाया पाक लाटत होत्या, वड्या कापत होत्या, पण असली बोटं तिची एकटीचीच होती. बाईंनी ते खोटं ऐकून घेतलं आणि पुढचं विचारलं. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात का? बराच वेळ उघडत नाहीत का? दोन्ही हातांना सारखंच होतं का? सकाळी पाऊल टाकताना तळव्याखाली खडे टोचल्यासारखं वाटतं का? राजेश्वरी प्रत्येकाला व्हय म्हणत गेली, आणि म्हणता म्हणता तिचं हसू मावळलं. मळवलीच्या तिच्या घरात पहाटे काय होतं हे निवृत्तीला, म्हणजे शेजारी झोपणाऱ्या नवऱ्याला, ठाऊक नव्हतं. ते या पोरीनं असं समोर मांडून ठेवावं, हे तिला चोरी पकडल्यासारखं वाटलं.

"मावशी, हा आमवात आहे," बाई म्हणाल्या. "कामाची सूज नाही ही. कितीतरी वर्षं अंगात असणार. आणि परवाचा झटका त्यातूनच आलेला दिसतोय." राजेश्वरी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आत्ता तिला जसा धक्का बसला, तसा झटक्याचाही बसला नव्हता. झटका आला तेव्हा तो झटका आहे हेच तिला कळलं नव्हतं. जबड्यात दुखायला लागलं तेव्हा दाढ वाटली होती, पाठीत दुखायला लागलं तेव्हा गॅस वाटला होता, आणि शेजारी वड्या कापणाऱ्या कोमलने लिंबूसोडा आणून दिला तो पिऊन तिने समोरचा घाणा कापून पुरा केला होता, कारण फळीवरची चिक्की गार झाली की वडी पडत नाही, नुसता भुगा होतो. घामाने पदर भिजला होता, तरी ओळी सरळ काढल्या होत्या. मग खाली बसली ती उठलीच नाही. पण ते सगळं अंगावर येऊन गेलं होतं, त्यात तिचं काही नव्हतं. हे मात्र तिच्या हातांबद्दल होतं. "पन बाई," ती म्हणाली, "हात कुटं, काळीज कुटं?"

बाई स्टूल ओढून बसल्या. त्यांना घाई असणार, दाराशी नर्स दोनदा डोकावून गेली होती, पण त्या बसल्या आणि राजेश्वरीला कळेल असं सांगायला लागल्या. सूज हातावर दिसते म्हणून ती हातातच असते असं नाही. ती अंगभर असते, रक्तातून फिरते, रक्त जातं तिथं जाते. हृदयाच्या नळीत वयाप्रमाणे थोडी चरबी सगळ्यांच्याच साठते. तुमच्या नळीतही होती, पण थोडी. नुसती तेवढीच असती तर कदाचित जन्मभर काही झालं नसतं. "गळू कसं असतं मावशी? आत पिकत जातं, वरची कातडी पातळ होत जाते आणि एक दिवस फुटतं. तुमच्या नळीत तसंच झालं असणार. त्या चरबीला सूज होती, वरचा पापुद्रा पातळ झाला आणि फाटला. रक्ताला वाटलं, जखम झाली. बोट कापल्यावर रक्त कसं गोठतं, तसं ते तिथं गोठलं. त्या गुठळीनं नळी बंद झाली." राजेश्वरीने विचारलं, "म्हंजी रक्तच वैरी झालं?" बाई म्हणाल्या, "छे, रक्ताचं काही चुकलं नाही. त्यानं आपलं काम केलं. जखम दिसली, ती बुजवली. फक्त जागा चुकीची होती."

हे वाक्य तिला सोडेना. बाईंनी पुढे बरंच काही सांगितलं. कोलेस्टेरॉल फारसं वाढलेलं नाही, अंगावर चरबी नाही, याचा अर्थ धोका नाही असा होत नाही; सांध्याच्या सुजेवर नीट औषध सुरू केलं की हृदयाचंही भलं होतं. राजेश्वरी मान हलवत होती, पण मनात ती त्या जखमेपाशीच अडकली होती. रक्ताला कुणी सांगितलं नव्हतं. ते बिचारं धावत आलं, चिरेवर हात ठेवून बसलं आणि त्याच्या त्या भल्या हातानेच तिचा जीव जायची वेळ आली. तिला एकदम रक्ताची दया आली, मग स्वतःचीच चीड आली. काडीसारखी बाई म्हणून सगळे तिला हसायचे. कारखान्याचा मालक रोज सकाळी वडापाव दाबून मग आपल्याच चिक्कीचा तुकडा तोंडात टाकायचा, त्याचं पोट त्याच्या आधी दारात यायचं, आणि तो ठणठणीत होता. तिने आयुष्यात कधी पोटभर तूप खाल्लं नव्हतं. झटका तिला यावा हा काय न्याय झाला? देवाकडे दाद मागायची तिची सवय नव्हती, पण आत्ता तिला कुणालातरी गचांडी धरून विचारावंसं वाटत होतं.

"दुखायचं तेव्हा काय घेत होता?" बाईंनी विचारलं, आणि राजेश्वरीने पुडीचं सांगितलं. आठवडी बाजाराला एक म्हातारा चटई टाकून बसायचा. त्याच्याकडच्या तपकिरी पुडीने जादू व्हायची. रात्री घेतली की पहाटे बोटं मोकळी, कंबर हलकी, माणूस दिवसभर घोड्यासारखं कामाला तयार. मुळ्यांची पावडर आहे, तो सांगायचा. ती कितीतरी वर्षं घेत होती, नेमकी किती हे तिला आठवेना. बाईंचा चेहरा पडला. त्यात मुळ्या कसल्या, बहुतेक स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं, त्या म्हणाल्या. त्यानं दुखणं झाकलं जातं, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, हृदयावरही ताण येतो. आणि मूळ आजारावर इलाज होत नाही, तो आत आपल्या वाटेनं चालत राहतो. "आता ती तुम्ही मनानं बंदही करायची नाही. इतक्या वर्षांची सवय एकदम तोडली तर जीवावर बेतेल. आम्ही हळूहळू कमी करू." मग उठता उठता त्यांनी सहज विचारलं, "घरात अजून कुणाला सांध्यांचा त्रास? बहीण, मुलगी?" आणि राजेश्वरी म्हणाली, "न्हाई."

तोंडातून गेलंच ते. विचार करायला वेळच मिळाला नाही. बाई पुढच्या खाटेकडे वळल्या, नर्स सुई टोचून गेली, आणि राजेश्वरी छताकडे बघत पडली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण काय बोललो. तेही खोटंच होतं. कारण मानसीला होतं. तिच्या पोरीला, तेवीस वर्षांच्या, लोणावळ्याच्या एका रिसॉर्टच्या काउंटरवर कॉम्प्युटर बडवणाऱ्या, वडिवळ्याच्या सत्यमशी लग्न ठरलेल्या पोरीला. दिवाळीत फराळाचं करताना चकलीचा सोऱ्या फिरवता फिरवता मानसी थांबली होती आणि बोटं झटकली होती. राजेश्वरीने विचारलं तर म्हणाली, काही नाही, झोपेत हातावर पडले असेन. पण राजेश्वरीने त्या बोटांच्या मुळाशी बघितलं होतं. एकदाच बघितलं, आणि मग तिने तळणीकडे नजर वळवली. तिला कळलं होतं. आईला कळत नाही असं कसं होईल? पण कळणं आणि कळलं असं कबूल करणं यात एक उंबरा असतो, तो तिने ओलांडला नव्हता. थंडीने होतं, ती मनात म्हणाली होती. मग पौष आला, मग माघ आला, आणि थंडी वाढत गेली म्हणून तिला बरंच वाटलं होतं.

आणि मग साखरपुडा. ते आठवलं तशी ती उशीवर वळली. छातीला लावलेल्या वायरी ताणल्या, यंत्र पिकपिकलं, नर्सने लांबूनच "आजी, हलू नका" म्हटलं. आजी म्हणे! सत्तेचाळीसची आजी. एरवी तिने त्या नर्सचा तिथल्या तिथे पाणउतारा केला असता; आत्ता तिने पुन्हा छताकडे तोंड केलं. सत्यमची आई पोरगी बघायला आली तेव्हा तिने मानसीचे हात हातात घेऊन उलटेपालटे केले होते. बाई सरळ, मायाळू होती. त्यात खोट काढायचा हेतू नव्हता. भाताच्या खाचरात जन्म गेलेली बाई सून बघताना तोंडाआधी हात बघते, इतकंच. "हात कामाचा हाय पोरीचा," ती म्हणाली होती, आणि त्या धरण्यावरूनच तिने बांगडीचं माप मनात घेतलं होतं. साखरपुड्याला नवऱ्या मुलाकडच्यांनी हिरव्या बांगड्या भरायच्या, ती त्यांची रीत. बांगडी हाताबरोबर हवी, सैल बांगडी नवरीला शोभत नाही. घट्ट बांगडी मुठीवरून चढताना नवरी ओरडली तर बायका हसतात, कासारीण साबण लावते, मौज होते. पण मानसी ओरडणार ती मौजेने नसणार, आणि बांगडी चढणारच नाही, हे राजेश्वरीला दिसत होतं. बांगडी फुटली तर अपशकुन. हात बघितला तर त्याहून वाईट. तेव्हा आदल्या तीन रात्री तिने मानसीला आपल्या डब्यातली पुडी दुधातून दिली. "झोप चांगली लागंल," ती म्हणाली. मानसीने काही न विचारता दूध पिऊन टाकलं. आणि साखरपुड्याच्या सकाळी पोरीचे हात असे मऊ पडले होते की कासारणीने साबण बाजूलाच ठेवला. बांगड्या सरसर चढल्या. "लोण्यासारखा हात," बायका म्हणाल्या. राजेश्वरी तेव्हा किती सुखावली होती! मांडवाच्या कडेला उभी राहून तिने त्या म्हाताऱ्या पुडीवाल्याला मनातल्या मनात हात जोडले होते.

आत्ता तेच सुख तिला टोचायला लागलं. आपण पोरीला विष पाजलं की काय? नाही, तीन रात्रींनी काय होतंय, ती स्वतःला समजावू लागली, आणि लगेच दुसरं मन म्हणालं, पुडीचं राहू दे, आतलं काय? बाईंनी सांगितलेली ती नळी तिला दिसायला लागली. आपली नव्हे, मानसीची. तेवीस वर्षांची कोवळी नळी, तांबूस, गुळगुळीत, आणि तिच्यात कुठंतरी एक जागा गरम होत चाललेली. वरून काही कळत नाही. पोरगी हसते, मोबाइलवर बोलते, लग्नातल्या साडीचा रंग ठरवते, आणि आत पापुद्रा पातळ होत जातो. लगेच काही होणार नाही, तरण्या पोरीला काही होत नाही. पण मी तरी कधी म्हातारी होते? मलाही लगेच काही झालं नव्हतं. पहिल्यांदा बोटं सुजली तेव्हा मानसी रांगत होती. आवणीचा हंगाम होता, चिखलात दिवसभर वाकून रोपं लावली की सगळ्यांचेच हात सुजतात, म्हणून कुणी बघितलं नाही. नंतर आवणी संपली, सूज राहिली. तिने हातावर पदर घ्यायला सुरुवात केली. पाहुण्यांना चहा देताना कप खालून तळहातावर धरून द्यायची, कपाच्या कानात बोट घालायची नाही. सासू म्हणाली असती, रोगी सून गळ्यात मारली. माहेरच्यांची मान खाली गेली असती. मग बाजारातली पुडी सापडली आणि सगळं झाकलं गेलं. कसं छान झाकलं गेलं! इतकं, की तिला स्वतःलाही विसर पडला होता, आपण काय झाकतोय त्याचा.

दुपारी निवृत्ती डबा घेऊन आला. मळवलीला मुंबईच्या एका शेठचा बंगला आहे, तो सांभाळण्याचं त्याचं काम. शनिवार-रविवार पाहुणे असले की त्याला मान वर करायला फुरसत नसते. आज आडवार होता, बंगला रिकामा होता, म्हणून आला. मऊ भात आणि वरण. त्याने चमचा धुऊन आणला, तिच्या हातात दिला, आणि ती नीट धरू शकते की नाही इकडे न बघता स्टुलावर बसून खिडकीबाहेरचे हायवेवरचे ट्रक बघू लागला. बायको मरतामरता वाचल्यावर नवऱ्याने काय बोलायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. तीन दिवसांत त्याची दाढी पांढरी वाढली होती. तिला त्याच्याबद्दल एकदम फार माया वाटली आणि म्हणूनच बोलायचं अवघड झालं. तरी ती बोलली. हात आणि हृदय, नळी, गळू, सगळं तिच्या भाषेत सांगितलं. तो ऐकत होता, पण मानसीचं नाव आल्याबरोबर त्याने दाराकडे बघितलं. "हळू बोल," तो म्हणाला.

"म्या डाक्टरनीला न्हाई म्हन्ले. आता सांगाया पायजे."

"सांगू की. पन लगीन हुदे." तो पुढे वाकला. "एकदा अक्षता पडू दे, राजे. मग आपनच नेऊ तिला, माज्या खर्चानं नेतो. आत्ता हितं कुनाला कळलं तर? त्यांची भातशेती हाय. ते काय म्हनतील, आजारी पोर आमच्या पदरात टाकली?"

"लगीन झाल्यावं कळलं तर काय म्हनतील?"

तो वाईट माणूस नव्हता. तो घाबरला होता. ती घाबरली होती तसाच. त्याने डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "चार वाजता ती येनारे," तो म्हणाला. "सत्यमची आई घेऊन येतीय तिला. विहीणबाई सोता बघाया येनार म्हनल्यावं मी न्हाई कसं म्हनू?" मग आणखी हळू म्हणाला, "त्यांच्यासमोर कायबी बोलू नगंस. माजी आन हाय."

तो बाहेर जाऊन बसला आणि राजेश्वरी चार वाजायची वाट बघू लागली. वाट बघणं म्हणजे काय, भिऊन पडून राहणं. तिने डोळे मिटले की तिला मांडव दिसायचा, आणि मांडवात मानसी नव्हतीच; तिच्या जागी ती स्वतः होती, सत्तेचाळीसची, कपाळाला बाशिंग, छातीला वायरी. तिने डोळे उघडले. लग्न मोडलं तर? तेवीस वर्षांच्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं की गावात तिच्या मागे एक शब्द लागतो, तो पुढच्या प्रत्येक स्थळाच्या आधी पोचतो. सत्यम चांगला मुलगा होता. कंपनीत होता, पीत नव्हता, मानसीला रिसॉर्टमधून आणायला गाडी घेऊन यायचा, आणि तो आला की मानसीच्या चेहऱ्यावर जे यायचं ते राजेश्वरीच्या चेहऱ्यावर कधी आलं असेल का, तिला शंकाच होती. ते आपल्या हाताने पुसायचं? आणि नाही पुसलं तर? पोरगी त्या घरी जाईल, तिथं हातावर पदर घेईल, कप खालून धरील, खाचरात उतरेल, रात्री कुणाला कळू न देता बोटं चोळील. कुठल्याशा बाजारात तिलाही एखादी पुडी सापडेल. माझ्यासारखीच शहाणी निघेल. हे "माझ्यासारखीच" तिच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने विचारलं, "छातीत दुखतंय का वं?" ती म्हणाली, "न्हाई, मावशी." आज दिवसभर ती सगळ्यांना नाहीच म्हणत होती.

चारला त्या आल्या. पुढे सत्यमची आई, हातात शहाळ्यांची पिशवी. मागे मानसी, ओढणी अंगभर घेतलेली. "आवो विहीणबाई, ह्ये काय करून घेतलं?" सत्यमच्या आईने खाटेशी येऊनच सुरुवात केली. "लग्नात माज्यासंगं फुगडी घालायचं ठरलं हुतं न्हवं? का घाबरला मला?" राजेश्वरी हसली. सत्यमची आई हसता हसता डोळे पुसत होती. खरोखरच हादरली होती ती. तिने राजेश्वरीच्या कपाळावर हात ठेवला, उबदार हाताने, बहिणीने ठेवावा तसा. "तारीख फुडं ढकलायची तर ढकलू. जिवापरीस का लगीन मोठं हाय? तुमी उभ्या पायजे मांडवात." निवृत्ती पायथ्याशी उभा होता, त्याने सुटकेचा श्वास टाकलेला राजेश्वरीला ऐकू आला. इतकी चांगली बाई! हिच्याशी खोटं वागणं सोपं होतं आणि खरं वागणं महाकठीण. भांडकुदळ असती तर बरं झालं असतं.

आईला वायरींमध्ये बघून मानसीचं तोंड एवढंसं झालं होतं. काहीतरी करायला हवं म्हणून तिने पाण्याची बाटली उचलली आणि झाकण उघडायला लागली. राजेश्वरी बघत होती. मानसीने झाकण बोटांत धरलं नाही. बाटली काखेत दाबली, झाकण दोन्ही तळहातांत धरलं आणि अंग फिरवून उघडलं. कुणाच्या लक्षात येऊ नये इतकं सहज, इतकं सरावाचं. हे मानसीला कुणी शिकवलं नव्हतं. ती स्वतः असंच उघडायची, आणि आपण हे करताना कुणी बघत नाही अशी तिची खात्री होती.

डॉक्टरीणबाई संध्याकाळच्या फेरीला आत आल्या तेव्हा निवृत्तीने राजेश्वरीकडे बघून हळूच मान हलवली. नको. बाईंनी यंत्राकडे बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं, "छान आहे मावशी, उद्या थोडं चालवू" म्हणाल्या आणि वळल्या. त्या वळल्या आणि राजेश्वरीला वाटलं, संपलं. आता त्या दारातून जातील, सत्यमची आई शहाळं फोडून आणायला सांगेल, मानसी पेला धरील दोन्ही तळव्यांत, आणि सगळं चांगलं होईल. तिच्या छातीत दुखलं नाही, तिथं काहीच झालं नाही. फक्त तिचा आवाज तिला परक्या बाईसारखा ऐकू आला. "बाई, सकाळी म्या खोटं बोलले. माज्या लेकीचं हात बगा."

मानसीने हात ओढणीत घेतले. "आई, काय बोलतेस तू?" ती पुटपुटली आणि हसायला लागली, सत्यमच्या आईकडे बघून, जणू आजारी माणूस बरळतंय. "मला काही झालेलं नाहीय. हिला औषधांनी गुंगी असेल." निवृत्ती म्हणाला, "व्हय, गुंगीच हाय." पण राजेश्वरीने पट्टी बांधलेला हात लांब केला होता, ओढणीच्या आत घातला होता, आणि मानसीचं मनगट धरून बाहेर आणलं होतं. पोरीने झटका दिला नाही. वायरी तुटतील म्हणून असेल. बाई परत आल्या. त्यांनी तो हात घेतला, आधी नुसता बघितला, मग चारही बोटांच्या मुळांवर दोन्ही बाजूंनी आपली मूठ आवळली. फार नाही, हस्तांदोलन करताना दाबतो तितकीच.

मानसी किंचाळली. वॉर्डातल्या सगळ्या खाटा तिकडे वळल्या. राजेश्वरीने पोरीचा असा आवाज ती झाल्यापासून ऐकला नव्हता. पडली-झडली, हात भाजला, तरी ती ओठ चावून गप्प राहायची आणि लोक म्हणायचे, किती सोशिक पोरगी आहे तुमची. बाईंनी हात लगेच सोडला, पाठीवरून हात फिरवला. "सॉरी, सॉरी. किती दिवस झाले हे?" राजेश्वरीने घाईघाईने सांगितलं, "दिवाळीपासनं." पण मानसी मान हलवत होती. ती आता खरोखर रडत होती, नाक ओढत, लहान असताना रडायची तशी.

"बारावीपासून," ती म्हणाली. "बोर्डाच्या पेपरात शेवटचं पान लिहिता आलं नव्हतं. पेन धरता येत नव्हतं."

राजेश्वरीला आधी अर्थच लागला नाही. बारावी? ती मनात वर्षं मागे मागे मोजत गेली आणि प्रत्येक वर्षात तिला आपणच दिसलो, घरात, चुलीपुढे, पोरीच्या शेजारी, तिला मार्क कमी पडले म्हणून आठवडाभर न बोलणारी आई. दिवसभर जिच्या चेहऱ्याची धास्ती घेऊन ती पडली होती, ती सत्यमची आई हाताच्या अंतरावर उभी होती, आणि तिच्याकडे बघायचंही राजेश्वरीला सुचलं नाही.

"इतकी वर्षं?" बाई म्हणाल्या. "मग घरी सांगितलं का नाहीस?"

मानसीने ओढणीने डोळे पुसले. तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. "आईचे पण दुखतात," ती म्हणाली. "ती कुठं सांगते?"